भ्रूणरोपणाचा इतिहास : हजेरीपटावर नसलेली नावे

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक आम्हांस दिली, तेव्हा आम्ही संपाचा किंवा कामगार कायद्याचा विषय घेऊ अशीच त्यांची अपेक्षा असावी. आम्ही भ्रूणरोपणाचा विषय कळविला. तो डॉक्टरांनी बोलावयाचा विषय आहे, असे कोणी म्हटल्यास ते रास्तच होईल. आमचे शाळेतील शिक्षण थोडे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. शरीरशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा दावा नाही. परंतु एखादे काम कोणी केले, ते कोणाच्या श्रमावर उभे राहिले आणि कागदोपत्री ते कोणाच्या नावावर जमा झाले, हे तपासणे हा आमचा रोजचा धंदा आहे. त्याच नजरेने हा इतिहास आपणांपुढे मांडावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ सांगून टाकू. स्त्रीच्या बीजकोशातून बीज काढून घेणे, प्रयोगशाळेतील बशीत त्याचा पुरुषबीजाशी संयोग घडविणे, आणि त्यातून तयार झालेला भ्रूण काही दिवसांनी स्त्रीच्या गर्भाशयात नेऊन ठेवणे, असे या उपचाराचे तीन मुख्य टप्पे आहेत. लोकांच्या तोंडी 'टेस्ट ट्यूब बेबी' हा शब्द बसला खरा, पण मूल काही नळीत वाढत नाही. बशीत ते फार तर पाच-सहा दिवस असते. बाकीचे सारे दिवस गर्भाशयातच. यातील तिसऱ्या टप्प्याला डॉक्टर 'एम्ब्रियो ट्रान्स्फर' म्हणतात. आपण भ्रूणरोपण म्हणू. कोकणातून आलेल्या माणसाला हा शब्द फोड करून सांगावा लागणार नाही. तरव्यातले भाताचे रोप काढून चिखलणी केलेल्या खाचरात लावतात. लावणी माणसाच्या हातची. रोप रुजणे माणसाच्या हातचे नाही. येथेही तसेच आहे. भ्रूण आत ठेवणे हे डॉक्टरांच्या हाताचे काम. तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजणे हे निसर्गाचे काम. या दोन गोष्टींतील फरक समाजाच्या गळी अजून पुरता उतरलेला नाही, आणि त्याचा दंड बाईला भरावा लागतो. त्याविषयी पुढे बोलूच.

क्रिया पाहू गेल्यास लहानशी आहे. एका मऊ, बारीक नळीत द्रवाचा एक थेंब घेतात. त्या थेंबात भ्रूण असतो. ती नळी योनिमार्गाने गर्भाशयाच्या मुखातून हळूच आत सरकवितात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाहत तो थेंब गर्भाशयाच्या वरच्या भागात सोडतात. नळी बाहेर काढली की प्रयोगशाळेतील माणूस ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो. भ्रूण आतच चिकटून राहिला नाही ना, याची खात्री करतो. बहुधा भूल लागत नाही. सारे काही थोड्या मिनिटांत उरकते. पुढे सुमारे दोन आठवड्यांनी रक्ताची तपासणी करून रोप रुजले की नाही हे कळते. या थोड्या मिनिटांपर्यंत पोहोचावयास जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

या गोष्टीचा आरंभ सशांपासून होतो. १८९० सालच्या २७ एप्रिल रोजी वॉल्टर हीप या इंग्रज संशोधकाने मँचेस्टरचे शल्यचिकित्सक सॅम्युएल बकली यांच्या मदतीने एका अंगोरा जातीच्या सशिणीचे दोन भ्रूण काढून घेतले आणि बेल्जियन जातीच्या दुसऱ्या सशिणीच्या बीजनलिकेत ठेविले. त्या दुसऱ्या सशिणीला तिच्याच जातीच्या नराकडून काही तासांपूर्वी गर्भ राहू दिला होता. तिला सहा पिल्ले झाली. चार तिच्यासारखी, आणि दोन लांब रेशमी केसांची, अस्सल अंगोरा. एकीच्या पोटचे बीज दुसरीच्या पोटात वाढू शकते, आणि वाढविणारीच्या रक्तामुळे त्याची जात पालटत नाही, हे त्या दोन पिल्लांनी सिद्ध केले. हे भ्रूण मात्र सशिणीच्या पोटातच तयार झालेले होते. बाहेर, काचेच्या भांड्यात फलन झालेल्या बीजाचे रोपण करून सशाची जिवंत पिल्ले मिळविण्यास १९५९ साल उजाडावे लागले. ते काम अमेरिकेत एम. सी. चँग या चिनी संशोधकाने केले.

माणसाच्या बाबतीतील गोष्ट घडली ती ओल्डहॅम येथे. ओल्डहॅम हे मँचेस्टरजवळचे गाव. मँचेस्टर आणि लँकेशायर ही नावे मुंबईच्या कापड कामगाराला परकी नाहीत. तेथल्या गिरण्यांशी इथल्या गिरण्यांची पिढ्यान्‌पिढ्या स्पर्धा चालली. एके काळी सूतकताईत ओल्डहॅमची बरोबरी करणारे गाव जगात नव्हते. परंतु आम्ही सांगतो त्या काळी तेथील धोटे थांबू लागले होते. अशा गावातील सरकारी रुग्णालयात पॅट्रिक स्टेप्टो हे स्त्रीरोगतज्ज्ञ १९५१ सालापासून काम करीत होते. पोट न फाडता, बेंबीजवळ लहानसे छिद्र पाडून दुर्बिणीने आत पाहण्याची विद्या त्यांनी हस्तगत केली होती. केंब्रिज येथील रॉबर्ट एडवर्ड्‌स यांना स्त्रीबीज हवे होते, आणि ते सुखरूप काढण्याची हातोटी स्टेप्टो यांच्यापाशी होती. १९६८ साली दोघे एकत्र आले. एडवर्ड्‌स हे यॉर्कशायरमधील बॅटली या गिरणगावचे. वडील रेल्वेच्या रुळांवर काम करीत, आई गिरणीत यंत्रावर बसे. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण विज्ञान हे बड्या घरच्या मुलांचेच काम, असा समज आपल्या वस्त्यांत फार आहे.

त्याच वर्षी तिसरी व्यक्ती या कामात आली. तिचे नाव जीन पर्डी. वय तेवीस, शिक्षण परिचारिकेचे. एडवर्ड्‌स यांची साहाय्यक म्हणून ती लागली आणि प्रयोगशाळेचे काम हाताखाली शिकत शिकत जगातील पहिल्या भ्रूणतज्ज्ञांपैकी एक झाली. भ्रूण ज्या द्रवात ठेवावयाचे तो द्रव तयार करणे, रात्री-अपरात्री उठून सूक्ष्मदर्शकात डोकावणे, प्रत्येक रुग्णाची टिपणे ठेवणे, हे सारे ती करी. केंब्रिज ते ओल्डहॅम हा कित्येक तासांचा मोटारप्रवास तिने दहा वर्षे केला. तिची आई आजारी पडली आणि तिला रजा घ्यावी लागली, तेव्हा ओल्डहॅमचे काम थांबले. कारखान्यात ज्या कामगाराच्या गैरहजेरीने खाते बंद पडते, त्याची किंमत काय असते हे आपणांस ठाऊक आहे.

पैशाची मात्र वाण होती. १९७१ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने या कामास मदत देण्याचे नाकारले. माकडांवर प्रयोग न करता स्त्रियांवर करू नयेत, असा एक आक्षेप होता. लोकसंख्या वाढत असताना वांझपणाची चिंता कशाला, असाही सूर होता. मग खाजगी देणग्यांवर गाडा चालला. रॉयटन येथील केर्शॉज् कॉटेज हॉस्पिटल या लहानशा इस्पितळातील दोन-चार खोल्यांत प्रयोगशाळा आणि शस्त्रक्रियागृह थाटण्यात आले. शस्त्रक्रियागृहाच्या मुख्य परिचारिका म्युरिएल हॅरिस आणि त्यांच्या सहकारी भगिनी आपली नेहमीची पाळी करून वर हे काम स्वेच्छेने करीत. रोपण रात्री केले तर अधिक यशस्वी होते, असा त्या वेळी समज झाला होता. त्यामुळे या भगिनींच्या कित्येक रात्री तेथेच गेल्या. आज रोपणे सर्रास दिवसा होतात.

पहिले रोपण १९७१ च्या अखेरीस झाले. ते फसले. दुसरे फसले, दहावे फसले. बीजे अधिक मिळावीत म्हणून स्त्रीला जी औषधे देत, त्यांनी तिच्या मासिक चक्राचा तोल बिघडत असे, आणि तो सावरण्यासाठी दिलेली औषधेही उपयोगी पडत नसत. तरवा उत्तम, पण खाचरात ओल नाही, असा तो प्रकार होता. १९७६ साली एक गर्भ राहिल्याचे जाहीर झाले, पण तो गर्भाशयात न रुजता नलिकेत रुजला होता, म्हणून काढून टाकावा लागला. अखेर औषधे बाजूस ठेवून स्त्रीच्या नैसर्गिक चक्रात तयार होणारे एकच बीज घ्यावयाचे ठरले. ब्रिस्टलच्या लेस्ली ब्राउन यांच्या दोन्ही नलिका बंद होत्या. यजमान रेल्वेच्या मालमोटारीवर चालक. १९७७ च्या १० नोव्हेंबरला त्यांचे बीज काढण्यात आले. अडीच दिवसांनी त्याच्या आठ पेशी झाल्या, आणि तो भ्रूण रात्री त्यांच्या गर्भाशयात ठेवण्यात आला. १९७८ च्या २५ जुलैला, मध्यरात्रीस थोडी मिनिटे उरली असताना, लुईझ ब्राउन जन्मास आली.

आता हजेरीपट पाहू. २०१० साली या शोधाबद्दल एडवर्ड्‌स यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्टेप्टो १९८८ सालीच निवर्तले होते आणि मृतांस ते पारितोषिक देत नाहीत. जीन पर्डी १९८५ साली, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारली होती. परंतु त्याच्याही आधीची एक हकीकत आहे. ओल्डहॅमच्या रुग्णालयात स्मारकफलक लावावयाचे ठरले, तेव्हा एडवर्ड्‌स यांनी अधिकाऱ्यांस कळविले की, जीन पर्डी हिचा वाटा आमच्याइतकाच आहे, तिचे नाव घाला. फलकावर ते नाव आले नाही. ही पत्रे २०१९ साली अभ्यासकांसाठी खुली झाली, तेव्हा हे जगाला कळले. एडवर्ड्‌स यांचा मोठेपणा आम्हांस नोबेलपेक्षाही या पत्रांत अधिक दिसतो. ज्याच्या हाती श्रेय आहे त्यानेच ते वाटून द्यावे लागते.

पण जीन पर्डीचे नाव उशिरा का होईना घेतले गेले. ज्यांची नावे कधीच घेतली जाणार नाहीत, त्या स्त्रिया वेगळ्या. ओल्डहॅमच्या वह्या पुढे अभ्यासकांनी तपासल्या, त्यात हिशेब असा निघाला : १९६९ ते १९७८ या काळात २८२ स्त्रियांनी या कामात भाग घेतला. ११२ वेळा भ्रूणरोपणाचा प्रयत्न झाला. गर्भ राहिला पाचदा. जिवंत मुले झाली दोन. लुईझ, आणि १९७९ च्या जानेवारीत जन्मलेला एक मुलगा. बाकीच्या स्त्रिया शस्त्रक्रिया सोसून, दिवस मोजून, रिकाम्या हाताने घरी परतल्या. मात्र कोणते औषध चालत नाही, कोणता दिवस योग्य नाही, हे जे ज्ञान लेस्ली ब्राउन यांच्या उपयोगी पडले, ते या स्त्रियांच्या देहांवर मिळविलेले होते. त्या केवळ रुग्ण नव्हत्या. त्या कामातील भागीदार होत्या.

आता आपल्या देशाकडे वळू. लुईझच्या जन्मानंतर सत्तर दिवसांनी, १९७८ च्या ३ ऑक्टोबरला, कलकत्त्यात अशाच उपचारातून एक मुलगी जन्मली. डॉक्टर सुभाष मुखोपाध्याय, अन्नतंत्राचे प्राध्यापक सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य या तिघांचे हे काम. त्यांची पद्धत ओल्डहॅमहून निराळी होती. त्यांनी औषधे देऊन अधिक बीजे मिळविली, भ्रूण तयार केले, आणि ते लगेच न रोपता गोठवून ठेविले. त्रेपन्न दिवसांनी, औषधांचा परिणाम ओसरून चक्र पूर्ववत झाल्यावर, रोपण केले. ओल्डहॅमला जी अडचण वर्षानुवर्षे छळीत होती, तिच्यावर हा अगदी सरळ तोडगा होता. ऑस्ट्रेलियात गोठविलेल्या भ्रूणापासून मूल झाले ते १९८४ साली. आज तर भ्रूण गोठवून पुढच्या चक्रात रोपण करणे ही जगभरची नित्याची रीत झाली आहे.

असे काम करणाऱ्या माणसाचे आपण काय केले? राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. तिच्यात या प्रकारचे काम स्वतः केलेला एकही जाणकार नव्हता. समितीने दावा फेटाळला. जपानातील परिषदेस जाण्याची परवानगी मुखोपाध्यायांना मिळाली नाही. १९८१ साली त्यांची बदली नेत्रविकारांच्या संस्थेत करण्यात आली. आणि त्याच वर्षी १९ जून रोजी त्यांनी आत्महत्या केली. बदली हे शिक्षेचे हत्यार म्हणून कसे वापरतात, हे नोकरदार माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढची कडी मुंबईची, आणि तीही परळची. केईएम रुग्णालय १९२६ साली सुरू झाले ते गिरणगावाच्या ऐन मध्यावर. महापालिकेचे हे रुग्णालय. गिरणी कामगाराच्या घरातील बाळंतपणे आणि दुखणी येथेच निभावली. १९८२ च्या १८ जानेवारीला सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले फार थोडे पुन्हा आत गेले. भोंगे बंद पडलेल्या त्या वस्तीत, १९८६ च्या ६ ऑगस्टला, डॉक्टर इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉक्टर टी. सी. आनंदकुमार यांच्या पथकाच्या परिश्रमाने एक मुलगी जन्मली. भारतातील पहिली, अशी तिची नोंद झाली. रुग्णालय महापालिकेचे, संशोधन संस्था सरकारी. म्हणजे ही विद्या मुंबईत आली ती करदात्यांच्या पैशावर, सार्वजनिक दवाखान्याच्या दारातून.

आणि येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मुखोपाध्यायांची टिपणे पुढे आनंदकुमारांच्या हाती आली. त्यांनी ती बारकाईने तपासली आणि १९९७ साली जाहीर लिहिले की, भारतात पहिला मान मुखोपाध्यायांचा आहे. तोवर तो मान आनंदकुमारांच्याच पथकाकडे होता. आपले नाव स्वतःच्या हाताने दुसऱ्या क्रमांकावर नेणारी माणसे फार आढळत नाहीत.

असो. रोपणाची रीत पुढे सुधारत गेली, पण एक लोभ मध्ये शिरला. एक भ्रूण रुजेल न रुजेल, म्हणून दोन, तीन, प्रसंगी त्याहून अधिक एकदम ठेवू लागले. जुळी-तिळी वाढली, अपुऱ्या दिवसांची, अपुऱ्या वजनाची मुले आणि मातांच्या जिवाचे धोके वाढले. उत्तर युरोपातील संशोधकांनी ६६१ स्त्रियांचा अभ्यास करून २००४ साली निष्कर्ष छापला : एकदम दोन भ्रूण ठेविले तर सुमारे ४३ टक्के स्त्रियांना मूल झाले, आधी एक ठेवून, न रुजल्यास गोठविलेला दुसरा ठेविला तर सुमारे ३९ टक्क्यांना. पण जुळ्यांचे प्रमाण पहिल्या रीतीत ३३ टक्के आणि दुसऱ्या रीतीत एक टक्क्याहून कमी. स्वीडनने २००३ पासूनच, काही अपवाद सोडता, एका वेळी एकच भ्रूण असा नियम केला. परंतु हे धोरण परवडते कोणाला? जेथे पुढच्या फेरीचा खर्च सरकार उचलते तेथे. जो माणूस दागिने मोडून एकाच फेरीचे पैसे आणतो, तो डॉक्टरला म्हणणारच की, दोन ठेवा. म्हणजे गर्भाशयात किती भ्रूण ठेवावयाचे हा वैद्यकाचा प्रश्न शेवटी पगाराशी येऊन ठेपतो. भारतात २०२१ साली या उपचारांचा कायदा झाला, दवाखान्यांची नोंदणी आली, हे चांगलेच झाले. पण दरपत्रक खाजगीच राहिले. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने २०२३ साली हा उपचार मोफत देण्यास आरंभ केला. ही वाट इतर राज्यांनी का धरू नये?

आता आमच्या खात्यातील गोष्ट. काही वर्षांपूर्वी तयार कपड्यांच्या एका कारखान्यातील शिलाई काम करणारी भगिनी आमच्या कचेरीत आली. उपचारासाठी तिचे सहा महिन्यांत अकरा खाडे पडले होते. सोनोग्राफी, सुया, बीज काढणे, रोपण, रक्ततपासणी, अशा प्रत्येक कामी एकेक दिवस गेला होता. व्यवस्थापकाने नोटीस दिली. रोपण फसले तेव्हा घरी सासूबाई म्हणाल्या की, दुसऱ्याच दिवशी मशिनीवर बसलीस, म्हणून गर्भ पडला. नोटीस आम्ही मागे घ्यावयास लावली. सासूबाईंचे म्हणणे मागे घ्यावयास लावणे आमच्या हाती नव्हते. पण शास्त्राने ते केव्हाच खोडले आहे. गर्भाशय ही काही उघडी पिशवी नाही. दोन भाकऱ्या एकीवर एक ठेवाव्यात तशा त्याच्या भिंती एकमेकींस टेकलेल्या असतात. उठल्याने, चालल्याने, कामावर गेल्याने भ्रूण खाली पडत नाही. रोपणानंतर अंथरुणाला खिळून राहिल्याने यश वाढत नाही, असेच अभ्यासांत दिसून आले आहे, आणि जाणत्या वैद्यकीय संस्था आता तशा विश्रांतीचा सल्ला देत नाहीत.

कायद्याचा विचार करू. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांची रजा होती. १९९५ च्या दुरुस्तीने कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा आली. २०१७ साली तान्हे मूल दत्तक घेणाऱ्या आईलाही बारा आठवडे मिळाले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी पुढे आल्या. पाळणा थांबविण्यासाठी रजा आहे, आणि असावीच. पाळणा हलावा म्हणून जी बाई सुया टोचून घेते, तिच्या त्या मोजक्या दिवसांसाठी मात्र वेगळी तरतूद नाही. ही मागणी युनियनांनी आपल्या मागणीपत्रकात घातली पाहिजे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

आणि ज्यांच्यापाशी युनियन नाही, त्यांनीही एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. आपल्या नात्यात, चाळीत, खात्यात एखाद्या बाईचे रोपण फसेल, तेव्हा तिने काय खाल्ले, कोणते ओझे उचलले, याची चौकशी करू नका. तिला ओल्डहॅमचा हिशेब सांगा. उत्तम डॉक्टर, उत्तम परिचारिका, जिवाचे रान करणारे शास्त्रज्ञ आणि ११२ वेळा केलेला प्रयत्न; त्यातून मुले झाली दोन. बाकीच्या साऱ्या वेळी त्या स्त्रियांची काहीही चूक नव्हती.